पोच

अशोक चौकातला क्लास, वर पत्रा,
एप्रिलचे संध्याकाळचे साडेसहा.
फळ्यावर दोन चौकोन काढले
आणि मधे एक रेघ.
म्हटलं, ही वायर. वायरीला काही कळत नसतं.
कळायचं ते दोन टोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं:
पहिलं कोण बोलणार, किती बोलणार,
थांबायचं कधी,
नाही ऐकू आलं तर काय.
या ठरवण्याला प्रोटोकॉल म्हणतात.

मागच्या बाकावरचा यल्लप्पा म्हणाला,
म्हणजे मंत्री आल्यावर असतंय तसं का सर?
हसले सगळे. मीही.
मग खडू खाली ठेवला
आणि हातानं शिकवायला लागलो.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
माझे वडील बारा तास टॉवेल विणायचे.
शेजारच्या मागांवर शिवशरण बिराजदार.
आमच्या घरात तेलुगू, त्यांच्या कानडी,
मराठी दोघांचीही उसनी,
आणि अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
तिन्हींची किंमत सारखीच, शून्य.
तर वडील मान वर करायचे: ऐकतोयस?
बिराजदार मान खाली: ऐकतोय, तू बघतोयस?
वडील मान खाली: बघतोय.
एवढं झाल्यावरच पुढचं.
दोन बोटं, म्हणजे कांडी संपत आली.
अंगठा कानामागे, जॉबरला बोलव.
तळहातावर बोटानं गोल, चहा.
समोरून मान हलली नाही
तर जरा थांबून परत तीच दोन बोटं,
न चिडता. चिडणं त्यांच्या करारात नव्हतं.
लाइट गेली, माग थांबले,
की दोघं एकमेकांकडे बघून गप्प.
शांततेत काय बोलायचं, ते ठरलेलं नव्हतं.

पोरांना हे आवडलं. पुढचं सोपं गेलं:
एक फोटो, त्याचे चाळीस तुकडे,
प्रत्येकावर नंबर आणि पत्ता,
काही पुण्यावरून, काही हैदराबादवरून,
बाविसावा आधी, तिसरा मागून,
पलीकडे नंबरानं लावून घेतात.
सतरावा आलाच नाही? सतरावा परत पाठव.
वाट चुकलेला तुकडा जन्मभर हिंडत नाही,
त्याच्या खिशात मोजकी पावलं असतात,
प्रत्येक नाक्यावर एक कमी.
शून्य झाली की तिथंच त्याला टाकून देतात.

तेव्हा तबस्सुम बागवाननं हात वर केला.
सर, त्यानं 'पोचलं' म्हटलं,
पण ते 'पोचलं' पोचलं का, हे त्याला कसं कळणार?
म्हटलं, इकडून त्याची पोच जाते.
आणि त्या पोचेची?

पंखा कुरकुरत होता.
शेवटच्या पोचेला पोच नसते, म्हटलं.
मशीन ठरलेला वेळ वाट बघतं
आणि पोचली असेल असं धरून
दार लावून घेतं.

कारखाना बंद पडला, माग किलोवर गेले,
बिराजदार भिवंडीला निघाले.
एसटी स्टँडवर मी वडिलांचं बोट धरून.
इंजिन धडधडत होतं, खिडकीची काच अडकलेली.
आतून बिराजदारांनी मान वर केली.
वडिलांनी खाली. बिराजदारांनी खाली.
मग दोन बोटं.
वडिलांनी मान हलवली,
तेवढ्यात गाडी मागं आली, वळली,
काचेवर नुसतं ऊन.

वडिलांना आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.
मी क्लासवरून आलो की दारात मान वर करतात.
मी खाली. ते खाली.
मग कधीतरी, कडक भाकरी मोडता मोडता,
हवेत बोटानं एक खिडकी काढतात,
स्वतःची मान हलवून दाखवतात
आणि भुवया उंचावतात:
त्यानं बघितली असंल का?

पंधरा वर्षं झाली नेटवर्किंग शिकवतोय.
मी तळहातावर
बोटानं गोल काढतो.